रंगाचें इमान

गेल्या वर्षीं आमच्या आईचें सहस्रचंद्रदर्शन झालें. त्या निमित्तानें तिच्या आयुष्यांतील निवडक छायाचित्रांचें एक पुस्तक छापून घ्यावें, अशी कल्पना आमच्या धाकट्या बहिणीनें काढली, आणि तें काम साहजिकच आमच्या गळ्यांत पडलें. साहजिकच म्हणण्याचें कारण असें कीं, निवृत्त होऊन लोणावळ्यास राहावयास आल्यापासून छायाचित्रें काढणें व तीं संगणकावर नीटनेटकीं करणें हाच आमचा मुख्य उद्योग होऊन बसला आहे. श्रावणांत लोहगडावरील धुकें, भाद्रपदांत विसापूरच्या पठारावरील रानफुलें आणि हिंवाळ्यांत पवनेच्या जलाशयाकांठची सकाळ, एवढ्या भांडवलावर आमचे दिवस मोठ्या सुखांत जातात. या सुखाला, आणि त्याबरोबर आमच्या जाणतेपणाच्या अभिमानाला, त्या पुस्तकानें जो धक्का दिला त्याची हकीकत वाचकांपुढें मांडावी असा विचार आहे. हल्लीं घरोघरीं जुन्या छायाचित्रांच्या पेट्या उघडल्या जात आहेत. तेव्हां आमची फजिती कोणाच्या तरी उपयोगीं पडेल अशी आशा वाटते.

पुस्तकांतील मुख्य चित्र १९७४ सालचें होतें. त्या वर्षीं आमचे मामा विलायतेहून आले होते व येतांना त्यांनीं रंगीत फिल्म आणली होती. पाऊस सरल्यावर एका रविवारीं आम्ही सर्व मंडळी पुण्याहून आगगाडीनें मळवलीस उतरलों आणि पायींच भाज्याच्या लेण्यांकडे गेलों. भावाला रंगीत फोटो काढावयाचा म्हणून आईनें मुद्दाम आपली मोरपंखी रेशमी साडी नेसली होती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीस वडिलांनीं ती घेतली होती. भाज्याचीं लेणीं पश्चिमाभिमुख. त्यामुळें दुपार कलल्यावर त्यांच्या तोंडावर ऊन येतें. त्या उन्हांत, चैत्यगृहाच्या उंच कमानीपुढें आई उभी आहे आणि तिच्या शेजारीं वडील. पुढें चारच वर्षांनीं वडील गेले. दोघांचें मिळून रंगीत असें तेवढें एकच चित्र आमच्या घरांत आहे.

पन्नास वर्षांत त्या चित्राचा रंग पार उतरला होता. उतरला म्हणण्यापेक्षां तो तांबडा झाला होता, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. त्या काळच्या रंगीत छायाचित्रांत पिवळा, किरमिजी आणि हिरवट-निळा असे तीन रंगथर एकावर एक असत, आणि त्यांपैकीं हिरवट-निळा थर सर्वांत दुबळा. चित्र अंधाऱ्या पेटींत जपून ठेविलें तरीही तो झिजत जातो, आणि मागें उरलेले दोन थर मिळून सगळ्या चित्रावर एक विटकर छाया पसरवितात. ज्यांच्या घरीं त्या काळचे आल्बम असतील त्यांना ही छाया ओळखीची वाटेल. नेमका जो थर झिजतो त्याच थरावर मोरपंखी रंगाची सगळी मदार. त्यामुळें आईची साडी चित्रांत धड निळी नाहीं, धड करडी नाहीं, अशी होऊन बसली होती.

आम्हीं चित्र स्कॅन करून घेतलें व लॅपटॉपवर चार संध्याकाळ खपून तें सुधारलें. पडद्यावर तें इतकें सुरेख दिसूं लागलें कीं, आम्हीं घरांतील सर्वांना बोलावून दाखविलें आणि सर्वांनीं वाखाणलें. पुस्तक छापावयास गेलें व समारंभाच्या आदल्या दिवशीं हातीं आलें. पाहतों तों सगळीं चित्रें काळवंडलेलीं! आईवडिलांच्या मागची कमान तर काळोखांत बुडालेली, आणि साडी शाईसारखी निळी. दुसरें पुस्तक छापावयास वेळ नव्हता. समारंभ झाल्यावर आईनें तें पुस्तक मांडीवर घेतलें, त्या पानावर ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, "त्या दिवशीं इतका अंधार नव्हता रे. चांगलें ऊन पडलें होतें." थोड्या वेळानें तिनें विचारलें, "आणि ही साडी कुणाची?"

आईच्या बोलण्यांत तक्रारीचा सूर नव्हता. परंतु ज्या एका चित्रासाठीं पुस्तक काढलें तेंच तिला परकें वाटावें, ही गोष्ट आम्हांस फार लागली. छापणाऱ्यास दोष देणें सोपें होतें, आणि पहिले दोन दिवस आम्हीं तो मनसोक्त दिलाही. तिसऱ्या दिवशीं मात्र एक साधा प्रयोग सुचला. पडद्यावर कोरें पांढरें पान उघडलें आणि शेजारीं खरा कोरा कागद धरला. कागद कागदासारखा दिसत होता. पडदा मात्र दिव्यासारखा झगझगत होता. चूक छापणाऱ्याची नव्हती. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. खोलींत जेवढा असेल तेवढाच तो परत देतो. आम्ही मात्र पावसाळी अंधाऱ्या खोलींत पडद्याचें तेज पुरतें वाढवून बसलों होतों. पडदा उजळ म्हणून चित्र उजळ भासे, तें डोळ्यांस खुपे, आणि तें खुपूं नये म्हणून आम्ही तें आपल्या हातांनींच काळें करीत होतों. ज्या पडद्यावर विश्वासून आम्हीं चार संध्याकाळ घालविल्या, तो आमची खुशामत करीत होता.

विशेष हें कीं, मावळच्या ज्या मुलुखांत आम्ही राहतों तेथें हा प्रश्न मुळींच नवा नाहीं. १९७४ सालच्या त्या रविवारीं मळवलीस उतरल्यावर वडिलांनीं आम्हांस, येथेंच रविवर्म्याचा छापखाना होता आणि दोन वर्षांपूर्वीं तो आगींत जळाला, असें सांगितल्याचें स्मरतें. राजा रविवर्म्यांनीं तो छापखाना १८९४ सालीं मुंबईस गिरगांवांत काढला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मळवलीस आला. पुढें तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हातीं गेला. आपल्या आज्यापणज्यांच्या देवघरांत ज्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी असत, त्यांतल्या कितीतरी या मावळच्या मातींतून निघालेल्या. त्या छपाईची रीत अशी कीं, मूळ तैलचित्राचे रंग निराळे पाडावयाचे, प्रत्येक रंगासाठीं निराळा दगड तयार करावयाचा, आणि एकाच कागदावर ते दगड एकामागून एक असे बिनचूक उमटवावयाचे. एक दगड केसभर सरकला, किंवा एका शाईचा हात जड पडला, कीं देवीची कांति बिघडली. दादासाहेब फाळके यांनींही चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं लोणावळ्यास छपाईचा कारखाना घातला होता, आणि रंगीत छपाईच्या विद्येसाठीं ते १९०९ सालीं जर्मनीपर्यंत गेले होते. मूळ एका ठिकाणीं, नक्कल दुसऱ्या ठिकाणीं, आणि दोहोंच्या मध्यें माणसाचा डोळा. या तिघांचा मेळ घालण्याचा खटाटोप या लोहमार्गाच्या कांठीं शंभर वर्षांपूर्वींही चालला होता. त्यांच्याजवळ दगड होते, आमच्याजवळ कांच आहे, इतकाच काय तो फरक.

तेव्हां इमानी पडदा घ्यावयाचा असें ठरवून आम्ही पुण्यास गेलों. बरोबर आमचा पुतण्या होता. तो संगणकाच्या धंद्यांतलाच. दुकानांत शिरतांच डोळे दिपले. ओळीनें मांडलेल्या पडद्यांवर एकाहून एक भडक पोपट, फुलें आणि फटाके नाचत होते. "साहेब, हा पाहा, यांत रंग कसे उठून दिसतात!" असें विक्रेत्यानें मोठ्या कौतुकानें सांगितलें. आम्ही म्हटलें, "आम्हांस उठून दिसणारे रंग नकोत, आपापल्या जागीं बसून राहणारे हवेत." तो गृहस्थ हंसला, परंतु त्याला तें पटलें असें वाटलें नाहीं. पुतण्यानें तर खेळांसाठीं काढलेल्या एका वांकड्या पडद्याची शिफारस केली. "काका, हा सेकंदाला १६५ वेळां चित्र बदलतो." आम्हीं त्याला सांगितलें कीं, आमचें चित्र पन्नास वर्षांत एकदांच बदललें आणि तेवढ्यानेंच आमची झोंप उडाली आहे.

थट्टा बाजूस ठेवून, निवड करतांना जें कळलें तें क्रमानें सांगतों. पहिली गोष्ट पडद्याच्या जातीची. स्वस्त पडद्यांत टीएन नांवाची एक जुनी जात आढळते. तिच्यापुढें मान थोडी खालींवर केली तरी चित्राचा रंग बदलतो. ज्या चित्राचा रंग आपल्या बसण्यावर अवलंबून आहे त्याची पारख काय करावयाची? व्हीए नांवाच्या दुसऱ्या जातींत काळा रंग खोल दिसतो, परंतु बाजूनें पाहतां गडद छटा फिरतात. तिसरी जात आयपीएस. जपानांतील हिताची कंपनीनें ती १९९६ च्या सुमारास बाजारांत आणली. समोरून पाहा कीं बाजूनें पाहा, तिच्या रंगांत फारसा पालट होत नाहीं. तिचा काळा रंग व्हीएइतका खोल नसतो हें खरें. पण काळ्यापांढऱ्यामधील कागदाची झेप तिच्याहूनही पुष्कळच कमी, म्हणून कागदावर छापणाऱ्यास तें उणें भासत नाहीं. आम्हीं आयपीएस ठरविला, आणि चकचकीत कांचेऐवजीं खिडकीचें प्रतिबिंब न दाखविणारा मंद पृष्ठभाग पसंत केला.

दुसरी गोष्ट रंगकक्षेची, आणि येथें आमची खरी परीक्षा झाली. मनुष्याच्या डोळ्यास दिसणाऱ्या रंगांचा आलेख आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें १९३१ सालीं ठरविला. कोणताही पडदा तो सगळा व्यापूं शकत नाहीं. ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट यांनीं १९९६ सालीं सुचविलेली एसआरजीबी ही कक्षा त्या आलेखाचा सुमारें एकतृतीयांश भाग झांकते. १९९८ सालची ॲडोबी आरजीबी ही कक्षा निम्म्याच्या आसपास जाते. दोहोंतील फरक मुख्यतः हिरव्या आणि हिरवट-निळ्या रंगांत आहे. म्हणजे नेमकें आमचें दुखणें होतें तेथेंच! गहिरी मोरपंखी छटा एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर पडण्याचा संभव मोठा. मोठ्या कक्षेचा पडदा घ्यावा असा मोह झाला. परंतु त्याची किंमत दुपटीहून अधिक होती, आणि चौकशी करतां कळलें कीं, आमचा छापणारा फक्त एसआरजीबी कक्षेंतीलच चित्रें घेतो. जो रंग कागदापर्यंत पोहोंचणारच नाहीं तो पडद्यावर पाहून करावयाचें काय? शिवाय मोठ्या कक्षेच्या पडद्यास आज्ञावलीची नीट साथ मिळाली नाहीं, तर साधें चित्रही त्यावर भडक दिसतें, हाही धोका होता. ज्यांच्या घरीं उत्तम शाईचें स्वतःचें छपाईयंत्र आहे त्यांनीं मोठी कक्षा अवश्य घ्यावी. आम्हीं एसआरजीबी पूर्ण दाखविणारा, २७ इंची, २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचा पडदा घेतला. त्यांत इंचास सुमारें १०९ ठिपके पडतात; बारीक अक्षर वाचतांना डोळ्यांस त्रास होत नाहीं आणि चित्रही रवाळ दिसत नाहीं.

दुकानांतून उचलण्यापूर्वीं आम्हीं त्यावर दोनच चित्रें पाहिलीं, तीं आम्हीं बरोबर नेलीं होतीं. एक सपाट राखाडी रंगाचें. त्यांत पडद्याचे कोपरे मध्यापेक्षां अंधारे किंवा पिवळट आहेत काय तें कळतें. दुसरें काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू उजळत जाणारें. त्यांत पायऱ्या किंवा हिरव्या-गुलाबी पट्ट्या उमटल्या तर पडदा परत करावा. प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या धरल्या तर तीन रंगांचे मिळून १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ रंग होतात. जाहिरातींत हा आंकडा मोठ्या अक्षरांत असतो; पण त्यांतला प्रत्येक रंग योग्य जागीं आहे किंवा नाहीं, हें तो आंकडा सांगत नाहीं. तें सांगणारें माप डेल्टा ई या नांवाचें आहे. हवा असलेला रंग आणि दिसणारा रंग यांतील अंतर तें दाखवितें. हें अंतर १ च्या आंत असेल तर सहसा डोळ्यास कळत नाहीं, आणि २ च्या आंत असेल तर आपल्यासारख्याचें काम निभतें.

मोठा पडदा टाळून जे पैसे वांचले त्यांतून आम्हीं रंग मोजण्याचें एक यंत्र घेतलें, आणि आमच्या मतें सगळ्या खरेदींत तीच खरी शहाणपणाची वस्तु. मूठभर आकाराचें हें यंत्र पडद्याच्या कांचेवर टेंकवून लोंबत ठेवावयाचें. पडद्यावर एकामागून एक रंगांचे चौकोन उमटतात; यंत्र ते मोजतें, आणि पडदा कोठें किती खोटें बोलतो याचा एक तक्ता संगणकास करून देतें. मग संगणक तेवढी दुरुस्ती करून चित्र दाखवितो. या तक्त्यांना एक समान रूप असावें म्हणून १९९३ सालीं आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापन झाला. म्हणूनच एका कंपनीचा पडदा आणि दुसऱ्या कंपनीचें छपाईयंत्र परस्परांची भाषा समजूं शकतात. पडद्याचा पांढरा रंग ६५०० केल्विनच्या दिवसाउजेडासारखा, आणि तेज चौरस मीटरास ८० ते १२० कँडेला, हीं छपाईसाठीं सर्वसाधारण प्रमाणें आहेत. आम्हीं कुतूहलानें जुन्या लॅपटॉपचें तेज मोजलें तें ३०० च्या आसपास भरलें! आईच्या त्या अंधाराचें मूळ आंकड्यांत असें हातीं आलें. पडदा सुरू केल्यावर अर्धा तास तापूं द्यावा आणि मगच मोजमाप करावें. व महिन्यांतून एकदां तें पुन्हां करावें, कारण वापरानें पडद्याचाही रंग ढळतो.

एवढें करूनही एके दिवशीं चित्रें पुन्हां तांबूस भासूं लागलीं. यंत्र म्हणे सर्व ठीक आहे. शेवटीं सौ.च्या लक्षांत आलें. आमच्या खोलीच्या खिडकीबाहेर केळी आणि जास्वंद माजलेल्या, पलीकडे लोणावळ्याची पावसाळी हिरवळ. तो सगळा हिरवा उजेड आंतल्या पांढऱ्या भिंतींवर पडे. भोवतीं हिरवें असलें कीं डोळा त्याला सरावतो, आणि मग साधा राखाडी रंगही त्यास गुलाबी भासतो. त्यांतून आमच्या गांवचें धुकें घटकेंत खोली अंधारवी, घटकेंत उजळवी. मग पडद्यामागची भिंत फिकट राखाडी रंगविली, खिडकीस जाड पडदा लाविला, आणि कामाच्या वेळीं एकच एक, दिवसाउजेडाशीं जुळणारा दिवा ठेविला. तांबडा अगर पिवळा सदरा घालूनही आम्ही आतां तेथें बसत नाहीं. त्याची छाया कांचेंत पडते. पावसाळ्यांत येथें विजेचा भरंवसा नसल्यामुळें बॅटरीची सोय केली. पडदा विकत घेणें म्हणजे अर्धेंच काम. उरलेलें अर्धें खोलींत करावें लागतें, हें आम्हांस असें ठेंचा खात कळलें.

आतां प्रश्न उरला तो चित्राचा. पडदा खरें बोलूं लागला. पण १९७४ सालचें खरें काय होतें, हें तो कोठून सांगणार? चित्रांतील दोन वस्तु मात्र अजून जशाच्या तशा होत्या. एक भाज्याचा कातळ, आणि दुसरी साडी. साडी पुढें विरली, परंतु तिचा पदर आईनें मलमलींत गुंडाळून ट्रंकेंत ठेविला होता. पन्नास वर्षांत त्यास ऊन लागलें नव्हतें. आम्ही एका कोरड्या दुपारीं राखाडी रंगाचें प्रमाणपत्रक बरोबर घेऊन भाज्यास गेलों, आणि चित्रांतल्याच कमानीपाशीं, तशाच कलत्या उन्हांत, तें दगडास टेंकवून छायाचित्र घेतलें. पत्रकाचा राखाडी रंग माहीत असल्यामुळें कातळाचा खरा रंग हातीं आला. आम्ही समजत होतों त्याहून तो उबदार, किंचित् तपकिरी होता. आधीं चित्रांतला कातळ त्याच्याशीं जुळविला. त्याबरोबर सगळ्या चित्रावरची विटकर छाया निघून गेली, आणि वडिलांचा सदरा आपोआप पांढरा झाला. तो सदरा पांढरा होता, हें आम्हीही विसरलों होतों.

या टप्प्यावर बहिणीनें पडद्याकडे पाहून सुचविलें, "दादा, आईचा चेहरा थोडा उजळ कर ना. पुस्तकांत बरा दिसेल." आमच्या आपल्या घरांतून वर्णाविषयीं जी एक हौस आहे ती सर्वांस ठाऊक आहेच. आई सांवळी, ही गोष्ट आमच्या आजीनें लग्नांत बोलून दाखविली होती, असें वडीलच हंसत सांगत. चेहरा उजळणें आतां दोन बोटांचें काम आहे. परंतु ज्या कातळावरून आणि सदऱ्यावरून बाकीचें चित्र खरें झालें, त्याच हिशेबानें आईचा चेहराही आपल्या रंगास येऊन पोंचला होता. तेवढ्यापुरता खोटेपणा करावयाचा असता तर जुना पडदा काय वाईट होता? आम्हीं तो चेहरा तसाच ठेविला. बहिणीनेंही थोडा वेळ पाहून मान डोलविली आणि म्हणाली, "राहूं दे. अशीच होती ती."

शेवटीं पदर. उत्तरेच्या खिडकीशीं त्यास दिवसाच्या उजेडांत पाहावयाचें, आंत येऊन पडद्यावरील साडी त्याच्याकडे वळवावयाची, पुन्हां खिडकीशीं जावयाचें, असें दोन दिवस चाललें. रंग जवळ जवळ जात गेला, आणि मग एका ठिकाणीं थांबला. पुढें रेटलें तर तो हिरवा होई, मागें आणलें तर निळा. कुंपण आलें होतें. मोठ्या कक्षेच्या पडद्यानें कदाचित् चार पावलें आणखी पुढें नेलें असतें. पण कागदानें तीं पुन्हां मागें ओढलीं असतीं. या वेळीं सबंध पुस्तक छापावयास न देतां, छापणाऱ्याकडून त्याच्या कागदाचा रंगतक्ता मागवून घेतला, त्यावरून कागदावर चित्र कसें उतरेल तें पडद्यावर पाहिलें, आणि आधीं एकच पान छापून आणविलें. वाचकांस आमची हात जोडून विनंती आहे कीं, हें एक पान छापून पाहण्याचा आळस कोणीं करूं नये. पडदा, यंत्र, भिंत यांवर जें खर्च होतें त्यामानानें तें अगदींच स्वस्त, आणि अखेरचा निवाडा करणारें तेंच.

तें पान घेऊन आम्ही आईकडे गेलों. तिनें तें घेतलें, खुर्ची खिडकीपाशीं ओढावयास सांगितली, आणि मलमल सोडून पदर चित्राशेजारीं ठेविला. दोन्हींवरून तिनें हात फिरविला.

"पुरता नाहीं आला," ती म्हणाली. "रेशमाची लकाकी कागदाला कुठून येणार!" मग पुष्कळ वेळानें वडिलांच्या सदऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा मीच धुतला होता, आदल्या रात्रीं. सकाळीं दमट होता, तसाच घातला त्यांनीं."

ही गोष्ट आम्हांपैकीं कोणासही ठाऊक नव्हती. नवें पुस्तक छापून आलें आहे व तें आईच्या उशाशीं असतें. जुनें काळवंडलेलें पुस्तक आम्हीं आमच्या टेबलावर, पडद्याच्या शेजारींच ठेविलें आहे. चित्र फारच सुरेख दिसूं लागलें कीं आम्ही तें एकदां उघडून पाहतों.